फ्लो गेली!

आमच्या मिनेसोटात कुणी कुणाला 'तू असं कर' म्हणत नाही. ते उर्मटपणाचं समजतात. म्हणायचं असतं, 'एखाद्याने असं केलं असतं.' तुमच्या छपराला आग लागली तरी शेजारी खिशात हात घालून कुंपणापाशी उभा राहील, जरा वेळ ज्वाळा बघेल आणि म्हणेल, "एखाद्याने बंब बोलावला असता." हा एखादा आमच्या गावात नेमका कुठे राहतो ते मला साठी आली तरी कळलेलं नाही. पण त्याला सगळं येतं. मोटार येते, गवंडीकाम येतं, बायकोशी कधी काय बोलावं तेही येतं. माझी त्याला भेटायची फार इच्छा आहे. भेटला तर त्याच्या हातात पाना देऊन त्याला उणे वीसच्या थंडीत पंपापुढे बसवीन आणि मी खिशात हात घालून उभा राहीन.

आमच्या मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब आहे. अवतीभोवती कमरेएवढा बर्फ, आपण गळ्याएवढ्या कढत पाण्यात, डोक्यावरचे केस गोठून कडक झालेले, आणि तरी 'काय सुख आहे' म्हणायचं, असा तो प्रकार. नाताळात बायकोच्या माहेरची सगळी पलटण त्यात डुंबून गेली आणि पाण्याला मशरूमच्या सुपाचा रंग आला. वासही जवळपास तोच. शहाणी माणसं टबाचं पाणी ऑक्टोबरात बदलतात. जानेल, म्हणजे माझी बायको, ऑक्टोबरात तसं म्हणालीही होती. मी 'बघू' म्हणालो होतो. संसारात जेवढी संकटं आली त्यातली निम्मी या 'बघू'मधून आली आहेत, पण तो वेगळा विषय.

पाणी बदलणं भागच होतं, कारण सासूबाई. शेतावरचं घर विकून त्या आमच्याकडे राहायला आल्या त्याला दोन हिवाळे झाले. नाव फ्लॉरेन्स, पण अख्खं गाव त्यांना फ्लो म्हणतं. गुडघे धरलेले. रोज दुपारची कॉफी झाली की झगा घालायच्या, पायांत बर्फाचे बूट चढवायच्या आणि टबात जाऊन बसायच्या. टब आवडतो असं चुकूनसुद्धा म्हणाल्या नाहीत. "कसं वाटलं?" विचारलं की म्हणायच्या, "ओलं होतं." पण गेल्याशिवाय एक दिवस राहायच्या नाहीत.

आमचं दोघांचं तसं बरं चालायचं. रोज सकाळी टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागला की आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून त्या सांगणाऱ्या पोराची खरडपट्टी काढायचो. "हा कधी दाराबाहेर पडलाय का?" असं त्या म्हणायच्या, आणि मी म्हणायचो, "याच्या घराला खिडकी नसावी." या घरात माझ्या बाजूने बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि तेही फक्त हवामानापुरतं. तरी होतं.

तर पाणी बदलायचं. रीतसर मी टबवाल्या रँडीला फोन केला. पण जानेवारीत आमच्या जिल्ह्यातले सगळे दुरुस्तीवाले गोठलेल्या तळ्यावर खोपटं टाकून बर्फाच्या भोकात गळ सोडून बसलेले असतात. गटार तुंबो, घर तापवायची भट्टी विझो, ते वर मान करत नाहीत. रँडीचं उत्तर आलं, "मासे लागतायत. सोमवारनंतर बघू." त्यालाही 'बघू' येत होतं.

मग मी म्हटलं, आपणच करू. विमा कंपनीत आयुष्यभर मी लोकांच्या फुटलेल्या नळांची पाहणी केली आहे. पाण्याने काय काय नुकसान होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं, पण ते नंतर.

शुक्रवारी सकाळी टबाची तोटी उघडली. पाणी अंगणातून वाहत, गॅरेजला वळसा घालून थेट रस्त्यावर गेलं आणि तिथे निवांत पसरून गोठलं. दहाच्या सुमाराला टपालाची गाडी आली, आमच्या दारासमोर हळुवार गोल फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. टपालवाल्याने मला हात केला. मीही केला. दुसरं काय करणार?

पाठोपाठ डार्लीन स्टम्फ आल्या. आमच्या वसाहतीच्या घरमालक समितीच्या त्या अध्यक्ष.

"लोवेल, रस्ता अगदी आरशासारखा झालाय हं," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे ही नोटीस असते.

"वाळू टाकतोच आहे," मी म्हणालो.

"छे, छे, घाई नाही. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी सोडण्याबद्दल नियमात काहीतरी आहे बहुतेक." तो नियम त्यांनी स्वतः लिहिला होता. "समितीपुढे विषय येईलच. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी लगेच मनाला लावून घेतलं आणि दुपारपर्यंत बादल्या बादल्या वाळू पसरली. मग टब भरायचा. बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी बंद केलेला, म्हणून स्वयंपाकघरातल्या गरम नळाला रबरी नळी जोडली आणि ती खिडकीतून बाहेर काढली. उघड्या फटीत टॉवेल कोंबले. जानेलने त्या दिवशीचा स्वयंपाक कोट, टोपी आणि हातमोजे घालून केला. ती एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला फार स्पष्ट ऐकू येतं.

टब काठोकाठ भरला. मी मेन स्विच दाबला. पंप घुर्र करू लागला. नुसताच घुर्र! पाणी जागचं हलेना. पाणी फिरलं नाही की ते तापत नाही, आणि या थंडीत तापलं नाही की गोठतं, आणि आतल्या नळ्या तडातड फुटतात. पुढचा अहवाल मी तीस वर्षं दुसऱ्यांसाठी लिहीत आलो आहे. एवढ्यात टबाच्या काठावरच्या पट्टीवर तीन इंग्रजी अक्षरं लाल रंगात उघडझाप करू लागली. एफ, एल, ओ. सोबत टूं टूं असा आवाज.

अर्थ सरळ होता. फ्लो म्हणजे प्रवाह, तो बंद आहे. शेवटचा डब्ल्यू पट्टीवर मावत नाही म्हणून गाळलेला. मी बाजूची फळी काढून आत डोकं घातलं, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई कॉफी संपवून झगा आणि बूट घालून आल्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. लाल अक्षरांत त्यांचं नाव लुकलुकत होतं आणि भोंगा वाजत होता.

"हे माझ्यासाठी आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

माझं डोकं आत होतं. मला वाटलं त्या एकंदर खटाटोपाबद्दल बोलतायत. मी मोठ्या प्रेमाने म्हणालो, "हो तर! तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं!"

त्या म्हणाल्या, "वेगळंच आहे." आणि घरात गेल्या.

'वेगळंच आहे' ही आमच्याकडची सगळ्यात वाईट शिवी. याच्यापुढे मारामारीच असते, आणि मारामारी आम्ही करत नाही. पण मला वाटलं, त्या पंपाला म्हणाल्या.

संध्याकाळी जानेल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. टोपी अजून डोक्यावर होती.

"लोवेल, आईला काय म्हणालास तू?"

"काही नाही बुवा. का?"

"तिने कर्टिसला फोन केलाय." कर्टिस म्हणजे माझा मेव्हणा, फार्गोला असतो. "उद्या संध्याकाळी तो येतोय तिला न्यायला. कायमची. टबावर तिच्या नावाचा धोक्याचा दिवा लावलाय, आणि विचारलं तर तू 'हो तर' म्हणालास म्हणे!"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, ते फ्लो म्हणजे प्रवाह! डब्ल्यू नाहीये त्यात!"

"सांगितलं मी. ती म्हणाली, 'त्या यंत्राला अर्ध्या अर्ध्या अंशाचा हिशेब जमतो, आणि एका डब्ल्यूला जागा नाही होय? बरं.'"

"मी स्वतः जाऊन समजावतो."

"तू समजावलंस तर ती आजच निघेल. आपण इथे ओझं झालोय असं तिला आधीपासूनच वाटतंय. तुझ्या पट्टीने ते लाल अक्षरांत लिहून दाखवलं. तो पंप चालू कर. चालू झाला की नाव आपोआप जाईल, मग तिला पटेल. आणि लोवेल, काय ते उद्याच संपव."

पंप गोठू नये म्हणून मी आत एक दिवा पेटता ठेवला आणि अंथरुणावर पडलो. झोप कसली! कर्टिसच्या तळघरातल्या खोलीत त्या राहणार होत्या. तिथे खिडकी नाही. बाहेर हवा कशी आहे ते कळणार कसं, आणि टीव्हीवरच्या त्या पोराला शिव्या तरी कशाच्या आधारावर देणार? मला खरंच वाईट वाटत होतं. इतकं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

सकाळी टबाच्या कंपनीला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते बराच वेळ ऐकल्यावर एक मुलगी बोलली. ती ॲरिझोनाच्या वाळवंटात बसलेली होती.

"सर, पंपाला ढेकर काढायला लावा."

"काय काढायला?"

"ढेकर. पोटात हवा अडकलीय त्याच्या. पाणी भरताना जाते कधी कधी. पंपाजवळ नळीवर मोठा प्लास्टिकचा नट असेल. मेन स्विच बंद करा, नट जरासा ढिला करा, हवा गेली आणि पाणी झिरपलं की परत आवळा."

"याला तांत्रिक शब्द काय आहे?"

"ढेकरच आहे, सर. छानसं ऊन बघून करा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन होतं. त्या उन्हात एक खार गोठल्यासारखी बसली होती.

मी पंपापुढे गुडघे टेकले तेव्हा कुंपणाशी व्हर्लिन हजर होता. व्हर्लिन आमचा शेजारी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे बसून बघण्याची त्याला अपूर्वाई.

"हवा धरलीय वाटतं," तो म्हणाला.

"ढेकर काढतोय."

"हं. एखाद्याने नट ढिला केला असता."

"तेच करतोय."

मी पाना लावला. नट हलेना. जोर लावला. हलेना. मग पणजोबांपासूनच्या सगळ्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांचं बळ एकवटून जो हिसका दिला, तो नट गरगर फिरून हातातच आला. पुढच्या क्षणी पाण्याचा लोट थेट तोंडावर! मी तोंड मिटेपर्यंत बरंचसं आत गेलं होतं. चाचपडत नट परत बसवला तोवर टब चतुर्थांश रिकामा झाला होता, आणि मी उठायला गेलो तर विजार वाकेना. गोठून पत्र्यासारखी झाली होती.

"एखाद्याने अर्धाच फेरा फिरवला असता," व्हर्लिन म्हणाला.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

तो दुखावला. "मधे मधे बोलणं बरं नाही ना."

मी दोन्ही पाय ताठ ठेवून, दरवाजा उचलून नेतात तसा घरात गेलो. कपडे बदलले. पुन्हा खिडकी, पुन्हा नळी, पुन्हा टॉवेल. खालच्या खोलीत सासूबाईंचा रेडिओ मोठ्याने लागला होता आणि कपाटाचे खण उघडझाप करत होते. त्या सामान भरत होत्या. मी जिन्यात थांबलो, काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि पंपाकडे गेलो.

या खेपेला पंपाच्या पाठीवर थोपटलं. कुणी बघत नव्हतं, व्हर्लिन कॉफी प्यायला गेला होता. स्विच बंद. नट अर्धा फेरा. फिस्स झालं. मग गुळगुळ झालं. मग पोटातून असा काही लांबलचक, भरघोस ढेकर आला की मी आपोआप "शाब्बास!" म्हणालो. पाणी झिरपलं. नट आवळला. स्विच चालू केला. तीन लाल अक्षरं एकदा लुकलुकली, दोनदा लुकलुकली आणि विझली. त्या जागी तपमानाचा आकडा आला आणि टबातून पाण्याचे फवारे उसळले.

मला भानच राहिलं नाही. टोपी हवेत उडवून मी बर्फात नाचत ओरडलो, "फ्लो गेली! फ्लो गेली रे! देवा, सुटलो एकदाचा!"

रस्त्यावर डार्लीन स्टम्फ वाळूची पाहणी करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून निघून गेल्या. मला वाटलं, समितीचं मन द्रवलं.

तासाभराने दारावर टकटक झाली. व्हर्लिनची बायको आर्लिस. हातात हॉटडिशचं भांडं, म्हणजे खाली खिमा, मधे मशरूमचं सूप, वर बटाट्याचे तुकडे, सगळं भाजून काढलेलं.

"लोवेल," ती म्हणाली, "शब्द नाहीत माझ्याकडे."

मला गहिवरून आलं. एका पंपासाठी शेजारीण भांडं भरून जेवण आणते! "अगं, कशाला त्रास घेतलास?"

"शेवटी फार हाल झाले का?"

"कालपासून नुसती घरघर चालली होती. आज सकाळी एक मोठा ढेकर आला, आणि सगळं मोकळं."

"जवळ कोण होतं?"

"मी एकटाच. जानेल काल म्हणालीच होती, काय ते उद्याच संपव. मग मी आधी वीज बंद केली आणि..."

आर्लिस एक पाऊल मागे सरकली. एवढ्यात जिन्यातून सासूबाई वर आल्या, हातात सूटकेस.

आर्लिसच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण ती पक्की मिनेसोटाची. मेलेलं माणूस समोर उभं राहिलं तरी 'हे कसं काय?' असं थोडंच विचारायचं असतं!

"फ्लो," ती म्हणाली. "बरी दिसतेस."

"ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "गुडघे सोडले तर."

आर्लिस भांडं ठेवून गेली आणि कुणालाही काही बोलली नाही. सांगणार तरी काय? पण डार्लीनबाईंनी बातमी आधीच गावभर केली होती. दुपारपर्यंत भांड्यांची रांग लागली. हॉटडिश, बटाट्याची कोशिंबीर, खजुराच्या वड्या. तिसऱ्या भांड्याला सासूबाईंच्या सगळं लक्षात आलं. माझ्या पाचव्याला आलं. मी खुलासा करायला दाराकडे धावलो तर त्यांनी माझी बाही धरली.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. आणि सूटकेस खाली ठेवून, स्वयंपाकघराच्या दाराआड खुर्ची ओढून बसल्या. "ऐकू दे."

बाहेर पास्टर जानेलचा हात हातात घेऊन सांगत होते की इतक्या उदार मनाची बाई त्यांनी पाहिली नाही. एक शेतकरी हातातली टोपी चुरगाळत बोलत होता. त्याचं धान्य भिजलं त्या वर्षी फ्लोने न सांगता त्याच्या गोठ्यात चारा आणून टाकला होता म्हणे. जानेल एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा दाराकडे, आणि "हो, हो" म्हणत होती. दाराआड सासूबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. डोळे ओले होते, पण ते टबाचं पाणी आहे असं म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी कर्टिस आला तो रडतच. वाटेत पेट्रोलला थांबला तेव्हा त्याला बायकोचा फोन आला, की चर्चमधून विचारतायत, मयताच्या जेवणाला हॅमची सँडविचेस किती लोकांची करायची? दीडशे मैल तो हुंदके देत गाडी चालवत आला होता. दार उघडून बघतो तर आई झगा आणि बूट घालून टबाकडे निघालेली.

"आत हॉटडिश आहे," त्या त्याला म्हणाल्या. "जेव आधी. आणि नाक पूस."

मी टबाचं झाकण उघडलं. पाणी तापलं होतं. पट्टीवर नुसता आकडा. त्यांनी तिकडे पाहिलं आणि कठड्याला धरून हळूहळू आत उतरल्या. मी टॉवेल घेऊन उभा राहिलो. वाफेत त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तू काय बोलला असतास?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"माझ्या मयताला. सगळे बोलले. तू नाही बोललास."

आमच्याकडे असलं काही विचारत नाहीत. विचारलं तर हवेवर बोलायचं असतं. मी आभाळाकडे पाहिलं. हवेबद्दल मला एक अक्षर सुचेना.

"तुम्ही जाऊ नका," मी म्हणालो. "फार्गोला नाही आणि तिकडेही नाही. मला करमणार नाही."

त्या एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. माझेही कान तापले.

"किती भांडी आलीत?" मग त्यांनी विचारलं.

"टेबल भरलं. गॅरेजातही ठेवलीत."

"कर्टिसला सांग, मला इतक्यात जमायचं नाही. भांडी परत करायला लागतील. आणि रिकामी देता येत नाहीत, प्रत्येकात काहीतरी करून घालावं लागतं."

"जानेल करेल की."

"माझ्या मयताची भांडी," सासूबाई म्हणाल्या, "मीच परत करणार. दुसऱ्या कुणी केलेली मला चालायची नाहीत."

कर्टिस रविवारी एकटाच परत गेला. आता ऑगस्ट आलाय. गॅरेजात अजून भांडी आहेत, आणि आमच्या घरात तो विषय कुणी काढत नाही.